सात नंबरच्या अठरा बाटल्या

कॉम्प्युटर विभागात तिला सगळे अजूनही सिस्टरच म्हणायचे. पांढरा गणवेश अंगावरून उतरून दोन वर्षं होऊन गेली होती, खिशातल्या थर्मामीटरच्या जागी पेन ड्राइव्ह आला होता, तरी फोन उचलला की पलीकडून आवाज यायचा, "सिस्टर, जरा बघता का?" आणि तीही सवयीनं "आले" म्हणायची.

एकोणीस वर्षं तिनं वॉर्डात काढली होती. मग एका सकाळी एका धिप्पाड पेशंटला कुशीवर वळवताना तिच्या कमरेत कळ आली आणि ती जागच्या जागी खाली बसली. मणका सरकला होता. तीन महिने अंथरुणाला खिळून काढल्यावर डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की उचलाउचलीचं काम आता कायमचं बंद. हॉस्पिटलनं तिला घरी पाठवलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, चाकाच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीला लागून जो कॉम्प्युटर विभाग होता, तिथे नेऊन बसवलं. वय त्रेचाळीस. तोपर्यंत तिला कॉम्प्युटरमध्ये पेशंटची माहिती भरता यायची आणि प्रिंटर अडला तर त्याला बाजूनं एक चापट मारता यायची, बस.

शिकवलं ते आधीबघ काकांनी. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. कुणी काही करायला घेतलं की काका म्हणायचे, "आधी बघ." शिपायाला म्हणायचे, अधीक्षकांना म्हणायचे, तेवढ्यापुरते सगळेच एकेरीवर यायचे. विभागात थट्टा चालायची की काका लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी लिफ्ट आलीय का हेसुद्धा वाकून बघतात. काकांच्या कानावर ते गेलं होतं. "बघतोच," ते म्हणाले होते.

हॉस्पिटलची सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते, ओळीखाली ओळ मांडलेली. त्यातलं काही शोधायचं, बदलायचं किंवा पुसायचं असेल तर ठरावीक भाषेत त्याला तसं सांगावं लागतं. त्या सांगण्याला म्हणायचं क्वेरी. ही क्वेरी एकदा प्रोग्राममध्ये घातली की कुणीतरी बटण दाबतं आणि ती चालते, हे सिस्टरला पहिल्या आठवड्यातच कळलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक क्वेरी लिहिली आणि उत्साहानं थेट प्रोग्राममध्ये टाकायला निघाली, तर काकांनी माउसवर हात ठेवला.

"प्रोग्रामच्या पोटात गेलेली क्वेरी बोलत नाही, सिस्टर. काम करते आणि गप्प बसते. चुकीचं काम केलं तरी गप्पच. म्हणून पोटात घालण्याआधी तिला बाहेर चालवायची, आपल्या हातानं. बाहेर असली की ती सगळं दाखवते."

"बरं, चालवते."

"थांबा. किती ओळी येतील?"

"ते मला कसं माहीत असणार? तेच विचारायला तर क्वेरी लिहिली."

"मग खाली जाऊन माणसांना विचारून या. कागदावर आकडा लिहा आणि मग चालवा. स्क्रीननं एकदा आकडा सांगितला की माणसाला तोच खरा वाटायला लागतो."

ती जिने उतरून गेली, वॉर्डातल्या भरलेल्या खाटा मोजून आली, कागदावर छत्तीस लिहिलं आणि क्वेरी चालवली. एकोणचाळीस ओळी आल्या. तीन पेशंट आदल्या आठवड्यातच घरी गेलेले होते आणि तिच्या क्वेरीनं त्यांना अजून खाटेवर झोपवून ठेवलं होतं. काकांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली, एवढंच.

पुसायचं किंवा बदलायचं काम असलं तर काकांची शिस्त आणखी कडक. जे पुसायचं आहे ते आधी नुसतं "दाखव" म्हणायचं. दिसलेल्या ओळी मोजायच्या आणि वाचायच्यासुद्धा, निदान पहिल्या काही आणि शेवटच्या काही. ते पटलं की मग बदल करायचा, तोही परत फिरायची वाट उघडी ठेवून, म्हणजे चुकलंच तर एका आज्ञेत सगळं होतं तसं करता येईल. इतकं झाल्यावर ती क्वेरी प्रोग्राममध्ये. दोन ओळींच्या कामाला अर्धा तास जायचा. सिस्टरचा जीव मेटाकुटीला यायचा आणि घरी जाऊन ती कुरकुर करायची.

घरी तिची कुरकुर ऐकायला सासूबाई होत्या. सुनेनं या वयात नवं शिकायला घेतलं म्हटल्यावर त्यांनी सकाळचं स्वयंपाकघर न सांगता आपल्याकडे घेतलं होतं. संध्याकाळी त्या सुनेची वही मांडीवर घेऊन बसायच्या आणि ओळख नसलेल्या चिन्हांवर बोट ठेवून विचारायच्या, "हे काय गं?" सून सांगायची. सांगता सांगता तिचं तिलाच पाठ व्हायचं. नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तो हात पुसत म्हणायचा, "तुझे काका बरोबर आहेत. आम्हीही ब्रेक जोडल्यावर गाडी आधी डेपोतच फिरवून बघतो." त्यावर ती म्हणायची, "तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी आहात."

काका निवृत्त झाले आणि विभागाचं बरंचसं काम तिच्यावर आलं. त्याला आठ महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्या हॉस्पिटलात एक दूधपेढी होती. ज्या आयांना अंगावर जास्तीचं दूध असतं त्या ते तिथे देतात. ते मशीनमध्ये तापवून निर्जंतुक करतात, छोट्या बाटल्यांत भरतात, गोठवतात, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, ज्यांच्या आईला अजून दूध नाही अशा बाळांना देतात. एका वेळी मशीनमध्ये जे दूध तापतं ती एक बॅच. पेढीच्या प्रमुख होत्या एक ठेंगण्या, करारी बाई. त्यांना सगळे पेढीवाल्या बाई म्हणायचे. फ्रीजरमधल्या एकेका बाटलीचा इतिहास त्यांना तोंडपाठ असायचा.

मंगळवारी सव्वाअकराच्या सुमारास अधीक्षक स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. अधीक्षक चांगले गृहस्थ, पण पायाला भिंगरी. बसायला सांगितलं तर उभ्या उभ्याच "बसलो" म्हणायचे.

"सिस्टर, पेढीचं एक काम निघालंय, तातडीचं. मशीनचा दुरुस्तीवाला आला होता. त्यानं तापमानाचा आलेख बघितला. सात नंबरच्या बॅचला मशीन पुरतं तापलंच नव्हतं. कालच ती बॅच वापरायला मोकळी केलीय. सगळ्या बाटल्या काढून ओतून द्यायच्या आहेत."

"बाईंना सांगितलंत?"

"त्याच म्हणतात की स्क्रीनवर यादी आल्याशिवाय फ्रीजरमधून काही निघणार नाही. नियम तुमचाच आहे म्हणे. सध्या एकेक बाटली रद्द करता येते, अख्खी बॅच रद्द करायची सोयच नाही. एक बटण करून द्या. बॅच नंबर टाकला की सगळ्या बाटल्या रद्द, आणि पेढीत यादी छापून येऊ दे. दोन ओळींचं काम आहे ना?"

"दोन ओळींचंच आहे," सिस्टर म्हणाली.

ते खरंही होतं. बॅच नंबर सात, आणि बाटली पेढीत शिल्लक आहे, अशा सगळ्या ओळींवर "रद्द" असा शेरा मारायचा. तिनं ते लिहून टाकलं. प्रोग्राममध्ये घालायला पाच मिनिटं लागली असती. अधीक्षक तिच्या खुर्चीमागे उभे होते आणि मनगटावरचं घड्याळ दर मिनिटाला बघत होते. तिनं फोन उचलला आणि पेढीवाल्या बाईंना विचारलं, "बाई, सात नंबरमध्ये बाटल्या किती भरल्या होत्या?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "अठरा."

सिस्टरनं कागदाच्या चिटोऱ्यावर अठरा लिहिलं. मग "रद्द कर" काढून त्या जागी "दाखव" घातलं आणि क्वेरी हातानं चालवली.

सहासष्ट ओळी आल्या.

"जास्त दिसतायत," अधीक्षक वाकून म्हणाले.

"अठ्ठेचाळीस जास्त आहेत." तिनं ओळी वाचायला घेतल्या. बाटलीचा नंबर, आईचा नंबर, भरल्याची तारीख. पहिल्या काही ओळी परवाच्या. खाली सरकत गेली तशा तारखा मागच्या महिन्यातल्या यायला लागल्या, मग त्याच्याही मागच्या. ती पुन्हा फोनवर गेली. "बाई, सात नंबरची बॅच एकच आहे ना?"

"एकच कशी असेल? प्रत्येक महिन्याला एक सात नंबर असतो. महिना लागला की आम्ही एकपासून सुरू करतो."

"मग तुम्ही ओळखता कसं?"

"चिकटपट्टीच्या रंगावरून. या महिन्याची निळी, मागच्याची पिवळी. हे काय सांगायला हवं का?"

पेढीत हे झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं. कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं. बटण झालं असतं तर पेढीतल्या प्रिंटरमधून सहासष्ट बाटल्यांची यादी निघाली असती, आणि तिथली मदतनीस बाई, यादीवर आहे म्हणजे आहे अशी सरळमार्गी, तिनं पिवळ्या, हिरव्या, सगळ्या बाटल्या वितळवून मोरीत रिकाम्या केल्या असत्या. चांगलं दूध. त्या आठवड्यात पेढीत आधीच दूध कमी होतं. खाली अतिदक्षता कक्षात, ज्याला सगळे काचघर म्हणायचे, नऊ बाळं होती. त्यातली तीन एकाच आईची, तिळी. आई अजून दुसऱ्या मजल्यावर यंत्रांच्या आधारानं श्वास घेत होती.

तिनं क्वेरीत महिना घातला आणि पुन्हा चालवली.

सतरा.

"झालं," अधीक्षक म्हणाले. "आता टाका."

सिस्टरनं चिटोऱ्याकडे बघितलं. त्यावर अठरा होतं. तिची पाठ ठणकत होती, साडेबारा होत आले होते, आणि पेन हातातच होतं. अठराचं सतरा करायला एक रेघ पुरली असती. ते पेन तिनं खाली ठेवलं.

"साहेब, एक कमी आहे."

"अहो, सहासष्टच्या सतरा झाल्या. सतरा काय नि अठरा काय. एखादी फुटली असेल."

तिनं तिसऱ्यांदा फोन लावला. पेढीवाल्या बाई आता जरा चिडल्या होत्या. "फुटली असती तर माझ्या वहीत असती. माझी वही खोटं बोलत नाही."

"तुमची वही खरी धरूनच विचारतेय," सिस्टर म्हणाली. "मग अठरावी गेली कुठे?"

"काल मोकळी केली बॅच," बाई सावकाश म्हणाल्या. "सकाळी काचघरातून मागणी आली होती. मी मीटिंगला होते. थांबा, मी फ्रीजर बघते."

सिस्टर थांबली नाही. तिनं आपल्याच क्वेरीतली "पेढीत शिल्लक आहे" ही अट काढून टाकली. घालताना ती अट तिला किती शहाणपणाची वाटली होती: रद्द करायची ती शिल्लक असलेलीच बाटली, दिलेली कशी रद्द करणार? तिनं क्वेरी चालवली. अठरा ओळी आल्या. सर्वांत खालच्या ओळीसमोर लिहिलं होतं: काचघराला दिली, वेळ दहा पन्नास. कुणासाठी, तेही होतं. तिळ्यांमधलं तिसरं बाळ.

अकराला बाटली वितळवायला ठेवतात. एकला पाजतात. एकोणीस वर्षांत हे वेळापत्रक तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिनं काचघराचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. पाजायच्या वेळी काचघरात कुणी फोन उचलत नाही, हेही तिला माहीत होतं. तिनं स्वतःच कितीदा तो वाजू दिला होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा सत्तावन्न झाले होते.

"साहेब, फोन लावत राहा," एवढं म्हणून ती उठली.

लिफ्ट तळमजल्यावर होती. तिनं जिना धरला. कठड्याला हात, दर पायरीला कमरेत सुई, आणि मनात एकच गोष्ट, की घाई करायची पण पडायचं नाही, कारण पडले तर सांगणारं कुणी नाही. दोन मजले उतरून ती काचघराच्या दाराशी आली. हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही ही सवय इतकी पक्की, की त्या घाईतही तिचा हात नळाकडे गेला आणि कोपरानं दार ढकलत ती तिथूनच बोलली.

"तीन नंबरचं दूध थांबव."

आतली नर्स तिच्याच हाताखाली तयार झालेली. तिच्या एका हातात भरलेली सिरिंज होती, दुसऱ्या हातात बाळाच्या नाकातल्या बारीक नळीचं टोक. तिनं वर बघितलं. "काय झालं, ताई?"

"बाटलीवर सात नंबर आहे का? निळी पट्टी?"

नर्सनं ट्रेमधली बाटली फिरवून बघितली. "हो."

"देऊ नकोस. बॅच खराब असेल. काही गेलंय का पोटात?"

"नाही. आत्ताच जोडणार होते." तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. सिस्टरनं हात धुतले, आत गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. पेटीतलं बाळ तळहाताएवढं होतं. त्याची टोपी डोळ्यांवर आली होती. आठ मिलीलिटर, एवढंच त्याचं जेवण. थोड्या वेळानं पेढीवाल्या बाई धापा टाकत दुसरी बाटली घेऊन आल्या, पिवळ्या पट्टीची. त्या सकाळी मोरीत जाता जाता राहिलेल्या एकोणपन्नासमधलीच ती एक. सिस्टरचा दंड बाईंनी एकदा घट्ट दाबला आणि त्या दूध कोमट करायला वळल्या.

सिस्टर लिफ्टनं वर आली. अधीक्षक तिच्या खुर्चीजवळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते, घंटा अजून वाजतच होती. तिनं सांगितल्यावर त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पहिल्यांदाच, शेजारचं स्टूल ओढून, खरोखर बसले.

"मी म्हणालो होतो, सतरा काय नि अठरा काय," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं, साहेब. क्षणभर."

मग तिनं उरलेलं काम नीट पुरं केलं. परत फिरायची वाट उघडी ठेवून अठरा बाटल्यांवर रद्दचा शेरा मारला, अठराच ओळी बदलल्याचं बघितलं, प्रत्येक ओळ वाचली आणि मगच ते कायम केलं. प्रोग्राममध्ये क्वेरी गेली ती महिना सांगितल्याशिवाय चालणारच नाही अशी. बाटली वॉर्डात पोचलेली असली तर यादी पेढीबरोबर त्या वॉर्डातही छापली जाईल, हे तिनं नंतर घातलं. त्या सगळ्याला चार वाजले. अधीक्षक तोवर तिथेच बसून होते. घड्याळ बघायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

लॅबनं पुढे त्या बाटल्यांतल्या सहा तपासल्या. दोनमध्ये जंतू निघाले, चारमध्ये काही नव्हतं. काचघरातली बाटली त्या सहांत नव्हती. तिच्यात काय होतं ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

कामावरून सुटल्यावर सिस्टर घरी गेली नाही. सासूबाईंना फोन करून उशीर होईल म्हणाली आणि दोन बस बदलून काकांच्या घरी पोचली. पहिल्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट, दारात चपलांचे दोनच जोड. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं होतं. काळा चष्मा लावून ते खिडकीजवळ बसले होते आणि काकू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या.

"सिस्टर आल्यात," काकू म्हणाल्या.

"पायांच्या आवाजावरून कळलं. पाठ दुखतेय तिची," काका म्हणाले. निवृत्त झाल्यापासून ते तिला अगं-तुगं करायला लागले होते. "बस. काय झालं ते पहिल्यापासून सांग, आणि आकडे गाळू नकोस."

तिनं सांगितलं. सहासष्ट ऐकल्यावर काकांनी मान हलवली. सतरा ऐकल्यावर ते पुढे सरकले.

"सतरा आल्यावर तुला काय वाटलं?"

"खरं सांगू? अठरावर रेघ मारावीशी वाटली."

"मग का नाही मारलीस?"

तिनं थोडा विचार केला. "तुमचा हात माउसवर आहे असं वाटलं."

काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्या उगाचच स्वयंपाकघरात गेल्या.

"तुला एक सांगितलं नाही कधी," काका म्हणाले. "विभागात कुणालाच सांगितलं नाही. बावीस वर्षांपूर्वी मी लहान मुलांच्या लशींचं अख्खं टेबल, म्हणजे डेटाबेसमधली सगळी यादी, पुसलं होतं. कुणाला कोणती लस कधी दिली, अकरा हजार मुलं. त्यातली दोनशे जुनी नावं काढायची होती. क्वेरी दोन ओळींची. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं कोणती काढायची ते, आणि मी चालवली फक्त पहिली ओळ. न बघता. जेवायला जायची घाई होती."

"मग?"

"बॅकअपची टेप होती, ती वाचताच येईना. मी राजीनामा लिहून खिशात घालून गेलो. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, घडी घालून परत माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाल्या, तळघरात कागदाची कार्डं आहेत, चला. नऊ दिवस आम्ही तळघरात होतो. दोन कारकून, लॅबमधली एक मुलगी आणि बागेतला माळी. माळ्याला वाचायला छान यायचं, आवाज खणखणीत. तो कार्ड वाचायचा, आम्ही भरायचो. नऊ दिवसांत एकानंही मला विचारलं नाही की असं कसं केलंस. माळी तर जाताना म्हणाला, साहेब, बरं झालं, सावलीत काम मिळालं."

सिस्टरला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले," काका म्हणाले. "लाजच इतकी वाटत होती की समोरून गेलो तरी मान खाली. आता माळी नाही, बाई नाहीत. मग जो कुणी शिकायला आला त्याला मी आधी बघ, आधी बघ म्हणत बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला खोड आहे."

"काका, मी आज आभार मानायलाच आलेय."

"मान मग," काका चष्मा सारखा करत म्हणाले, "आणि चहा पिऊन जा. ती आत कधीची आधण ठेवून उभी आहे."

तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो अंदाजानं, आधी खांद्यावर पडला, मग डोक्यावर. चहा पिताना त्यांनी त्या दोन कारकुनांपैकी एकाचा पत्ता शोधायचं ठरवलं. दुसरा आणि लॅबमधली मुलगी कुठे असतील ते काकूंना माहीत होतं; लॅबमधली मुलगी आता आजी झाली होती म्हणे. सिस्टर निघाली तेव्हा दोघं नवरा-बायको जुन्या डायरीवर वाकली होती, म्हणजे काकू वाचत होत्या आणि काका "त्याच्या खालचं, त्याच्या खालचं" म्हणत होते.

पुढच्या सोमवारी तिच्या टेबलाशी नवी खुर्ची आली, कमरेला आधार असलेली. आठ महिन्यांपूर्वी तिनं तसा अर्ज दिला होता. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

तिळ्यांची आई तीन आठवड्यांनी यंत्रांवरून निघाली आणि हळूहळू चालायला लागली. बाळं अंगानं भरत होती. एके दिवशी दुपारी त्यांचा बाप तिसऱ्या मजल्यावर आला. फरशी बसवणारा माणूस, नखांत सिमेंट, हातात काढलेली टोपी. पेढीवाल्या बाईंनी त्याला पाठवलं होतं.

"तुम्ही माझ्या पोराला वाचवलं म्हणतात," तो दारातूनच म्हणाला.

"तसं काही खात्रीनं सांगता येत नाही, दादा. कदाचित त्या बाटलीत काही नसेलही."

"बरं. पण तुम्ही नक्की काय केलंत? बाईंनी सांगितलं, मला काही उमगलं नाही."

सिस्टरनं सांगायचा प्रयत्न केला. क्वेरी, ओळी, रद्द करण्याआधी नुसतं दाखवणं. तो लक्ष देऊन ऐकत होता, पण नजर मधेच खाली जात होती. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे कोरडी मांडणी. आम्हीपण सिमेंट लावायच्या आधी फरशा नुसत्या मांडून बघतो. कुठे तुकडा पडतो, कुठे रेघ चुकते. एकदा चिकटली की मग फोडायलाच लागते."

"तेच," सिस्टर म्हणाली. "अगदी तेच."

"मग कळलं." तो थोडा घुटमळला. "ताई, तुमच्या उंबऱ्यापाशी दोन फरशा हलतायत. मघापासून बघतोय. चाकाची खुर्ची अडकत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. बायको खाली काचघरात बाळांपाशी बसली होती. तिला आता रोज तासभर एकेकाला छातीशी धरू देत होते. त्यानं दोन्ही फरशा उचलल्या, खालची माती खरवडली, आणि फरशा कोरड्याच ठेवून, गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. एक फरशी उचलून फिरवली, पुन्हा ठेवली. चाकाच्या खुर्च्या न्यायला आलेला वॉर्डबॉय थांबला. अधीक्षक फायली घेऊन भराभरा आले आणि तेही थांबले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"लागेल थोडा," तो वर न बघता म्हणाला.

"लागू दे," अधीक्षक म्हणाले, आणि फायली काखेत धरून भिंतीला टेकून उभे राहिले.

सिस्टर दारात आली. कालवलेल्या सिमेंटचा ओला वास पसरला होता. त्यानं थापीनं सिमेंट लावलं, फरशी टेकवली, मुठीनं हलकेच ठोकली आणि जोडावरून अंगठा फिरवला. त्याच्या मागे खुर्च्या, फायली, चहाचा ट्रे घेऊन आलेला कँटीनवाला, सगळे मुकाट रांगेत थांबले होते.